फ्लूची लाट आणि रक्तातला हिशेब

प्रश्न : फ्लूच्या रुग्णांची नोंद दवाखान्यांत होतेच. मग लाट ओसरल्यावर लोकांचे रक्त तपासण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर : दवाखान्याची पायरी चढतो तो जास्त आजारी पडलेला. कित्येकांचे सर्दीवरच भागते, काहींना तेवढेही जाणवत नाही. पण प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने, अँटिबॉडीज) त्यांच्यापैकी बहुतेकांच्या रक्तातही तयार होतात. २००९च्या एच१एन१ साथीत इंग्लंडमध्ये पहिल्या लाटेच्या आधीचे आणि नंतरचे नमुने ताडून पाहिले गेले. लंडन आणि वेस्ट मिडलंड्समध्ये साधारण तिघा मुलांमागे एकाला लागण होऊन गेली होती. रुग्णनोंदींवरून बांधलेल्या अंदाजाच्या हे प्रमाण सुमारे दहापट निघाले. याच अभ्यासात साथीपूर्वीच्या नमुन्यांतही बऱ्याच वृद्धांकडे या विषाणूला अडवणारी प्रतिपिंडे सापडली. आधीचे नमुने हाताशी नसते, तर हे वृद्धही लागण झालेल्यांत मोजले गेले असते. म्हणूनच नुसत्या ‘नंतरच्या’ नमुन्यांवर काढलेल्या टक्केवारीवर फारसा भरवसा ठेवू नये.

प्रश्न : चाचणी प्रत्यक्षात कशी करतात? टायटर ४० म्हणजे काय?

उत्तर : नेहमीची चाचणी म्हणजे एचआय (हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन), म्हणजे रक्तपेशींचे जाळे होणे रोखले जाते का ते पाहणारी. फ्लूचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकमेकींशी जोडून त्यांचे जाळे करतो. प्रतिपिंडे असतील तर ते होत नाही. एक भाग सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) तीन भाग आरडीई हे विकर (एन्झाइम) घालून मिश्रण रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात, मग ५६ अंशांवर अर्धा तास. सहा भाग सलाइन घातले की १:१० विरलन, म्हणजे दहापट पातळ केलेले सीरम, तयार. आरडीईला फाटा दिला तर सीरममधले इतर घटकच विषाणूला अडवतात आणि टायटर खोटेच चढलेले दिसते.

पुढे १:२०, १:४०, १:८० अशी दुप्पट विरलने करतात. प्लेटवरच्या प्रत्येक खळग्यात २५ मायक्रोलिटर सीरम आणि तितकाच, चार एकक ताकदीचा विषाणू पडतो (एक एकक म्हणजे पेशींचे जाळे करायला पुरेल एवढी किमान मात्रा). पाव-अर्ध्या तासाने कोंबडीच्या किंवा टर्कीच्या ०.५ टक्के रक्तपेशी ५० मायक्रोलिटर घालतात. आणखी अर्ध्या तासाने प्लेट तिरकी धरायची: प्रतिपिंडांनी विषाणू अडवला असेल, तर तळाशी बसलेला लाल ठिपका अश्रूसारखा ओघळतो. असा पूर्ण ओघळ दिसणारे शेवटचे विरलन १:४० असेल, तर टायटर ४०. विषाणूची ताकद मात्र त्याच दिवशी पुन्हा मोजलीच पाहिजे. चाराऐवजी दोन एकके पडली, तर सगळे टायटर साधारण एका पायरीने, म्हणजे दुपटीने, फुगतात. अलीकडच्या एच३एन२ विषाणूंची डोकेदुखी वेगळीच: ते कोंबडीच्या पेशींना नीट धरत नाहीत. तिथे गिनीपिगच्या पेशी वापरतात, नाहीतर सरळ न्यूट्रलायझेशन चाचणी (प्रतिपिंडे विषाणूला पेशींत शिरून लागण करण्यापासून रोखतात का ते पाहणारी) करतात.

प्रश्न : माझे टायटर १६० आले. म्हणजे नुकताच फ्लू होऊन गेला का?

उत्तर : एका आकड्यावरून सांगता येत नाही. तो जुन्या लागणीचा असू शकतो, लसीचाही. एचआय चाचणीला या दोन्हींतला फरक कळत नाही. आजाराच्या पहिल्या आठवड्यातला एक नमुना आणि दोन ते चार आठवड्यांनंतरचा दुसरा, दोन्ही एकाच प्लेटवर तपासून टायटर किमान चौपट वाढले, तरच अलीकडची लागण मानतात, तीही मधल्या काळात लस घेतलेली नसेल तर. ४०चे ८० झाले, तर ती चाचणीतली नेहमीची चूकभूल समजावी.