अमेरिकेतल्या हायस्कूलमधील सीटीएसओ म्हणजे काय? चॅप्टर, ॲडव्हायझर या शब्दांचा अर्थ काय?

मुलगी नववीत गेली की हे शब्द एकदम कानावर येतात, म्हणून थोडक्यात सांगते. सीटीई म्हणजे शाळेतलंच व्यवसाय व तंत्रशिक्षण. त्याला जोडलेली विद्यार्थी संघटना ती सीटीएसओ. आरोग्यासाठी होसा, मार्केटिंग व व्यवस्थापनासाठी डेका, कुशल कामांसाठी स्किल्सयूएसए, शेतीसाठी एफएफए.

शाळेतल्या शाखेला चॅप्टर म्हणतात. ॲडव्हायझर बहुधा तो विषय शिकवणारे शिक्षकच असतात. ऑफिसर म्हणजे मुलांनी निवडलेले पदाधिकारी.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘इंट्रा-करिक्युलर’. हा शाळा सुटल्यावरचा छंदवर्ग नाही, अभ्यासक्रमाचाच भाग आहे. एफएफएमध्ये हे फार छान दिसतं. १९२८ साली सुरू झालेल्या या संघटनेत तीन गोष्टी एकत्र चालतात: वर्ग, चॅप्टर आणि एसएई, म्हणजे शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलाने स्वतः केलेलं शेतीविषयक काम. कुणी जनावरं पाळतं, कुणी रोपांच्या नर्सरीत नोकरी करतं. आणि त्याची नोंदवही ठेवावीच लागते! मला हीच सवय पदकांपेक्षा मोलाची वाटते.

स्पर्धांना ‘कॉम्पिटिटिव्ह इव्हेंट्स’ म्हणतात. राज्य पातळीवर जिंकलेली मुलं राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर जातात. सदस्यत्वाची वर्गणी आणि प्रवासखर्च किती, हे ॲडव्हायझरना आधीच विचारा.