व्यालेल्या गाईने पेंड सोडली तर बाटल्या आणू नका

प्रश्न (दौंड तालुका): एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय, तिसरं वेत. व्याल्यानंतर नवव्या दिवसापासून पेंड खात नाही, कडबा खाते. दूध २२ लिटरवरून १३ वर आलं. दुकानदाराने लिव्हर टॉनिक, कॅल्शियम आणि रोज किलोभर गूळ सांगितलाय. देऊ का?

उत्तर: देऊ नका. पेंड नको आणि कडबा चालतो, हे किटोसिसचं लक्षण, म्हणजे अंगात किटोन साठण्याचा आजार. आजच डॉक्टरांकडून लघवीची किटोन तपासणी करून घ्या. जार (वार) अडकली असेल, गर्भाशयात पू असेल तर तेही त्यांना तपासू द्या.

व्याल्यावर दूध वाढतं, खाणं तेवढं वाढत नाही. तूट अंगावरच्या चरबीतून भरते. ती चरबी यकृतात येते, सगळी जळत नाही. काही तिथंच साठते, काहीचे किटोन होतात. म्हणून आटवताना (दूध बंद करताना) लठ्ठ असलेली गाय आधी आजारी पडते. शिरूर, इंदापूर, बारामती, कुठल्याही गोठ्यात हेच पाहतो.

गूळ पोटातच आंबतो, गाईला त्यातून साखर मिळत नाही. उलट आम्लता होते. तेल-तूप पाजू नका: यकृतावर आणखी चरबीचं ओझं, आणि ठसका लागला तर फुप्फुसात जातं. प्रोपिलिन ग्लायकॉल (यातून गाईचं यकृत साखर बनवतं) उपयोगी आहे, दिवसाला ३०० मिली, ३ ते ५ दिवस. दुप्पट दिलं तर दुप्पट फायदा होत नाही, गाय झिंगते. सलाईन डॉक्टरच लावतील. शिरेतून कॅल्शियम घाईने सोडलं तर हृदय बंद पडतं, हे दुकानदार सांगणार नाही.

पुढच्या वेतासाठी माझा आग्रह मूरघासाचा (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा). विण्याच्या ६० दिवस आधी आटवा, तेव्हा अंगावरच्या मांस-चरबीचा गुणांक ५ पैकी ३.२५ ते ३.५ असावा. भाकड काळात खुराक आखडा. शेवटचे २१ दिवस मूरघास, कडबा आणि मका भरड्याचा खुराक १ किलोपासून हळूहळू अडीच-तीन किलोपर्यंत न्या. व्याल्यावर एकदम ओतू नका, रोज अर्धा किलोच वाढवा. लसूणघास त्या २१ दिवसांत नको. कॅल्शियमची बाटली तर मुळीच नको. रोजचं आयतं कॅल्शियम मिळालं की हाडांतून ओढण्याची सवय मोडते आणि व्याल्यावर गाय बसते.

मूरघास युनिटला राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान, अर्ज ऑनलाइन. फिरत्या पशु दवाखान्यासाठी फोन १९६२.

आणि आणलेली कॅल्शियमची बाटली संपवायची म्हणून शेजारच्या गाभण गाईला पाजू नका.