कोठडीतला मृत्यू: कपडे धुऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पुढचं काही सुचेना. भाऊ चार दिवसांपूर्वी कोठडीत वारला, कारण म्हणून ‘हृदय बंद पडलं’ एवढंच सांगितलं, आणि आता मृतदेह लवकर घेऊन जा म्हणून फोनवर फोन. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी हेच शब्द कानावर पडले होते. कुणीतरी ‘मिनेसोटा प्रोटोकॉल’ बघा म्हणालं, त्याचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय.

वकील गाठणं, प्रत्येक अर्जाची पोच घेणं हे तुम्ही करत असालच. मी वकील नाही, डॉक्टरही नाही, आणि कायदा देशागणिक बदलतो. तेव्हा माझं म्हणणं तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या.

सरकारी यंत्रणेचा हात असू शकेल अशा मृत्यूचा तपास कसा व्हावा, याची संयुक्त राष्ट्रांची नियमावली म्हणजे मिनेसोटा प्रोटोकॉल. मूळ १९९१ची, २०१६ मध्ये सुधारलेली. तपास तातडीचा, सखोल, स्वतंत्र, निःपक्ष आणि पारदर्शक हवा, हा तिचा गाभा. कुटुंबाने तक्रार केली नाही तरी तपास करणं हे सरकारचं कर्तव्यच आहे. माणूस कोठडीत मेला तर जबाबदारी सरकारची, असंच सर्वसाधारणपणे गृहीत धरलं जातं. ‘हे आम्हाला बंधनकारक नाही’ असं ऐकवतील. प्रोटोकॉल हा स्वतः करार नाही, हे खरंच. पण तो ज्या जगण्याच्या हक्कावर उभा आहे, तो १९६६च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात, कलम ६ मध्ये आहे, आणि तो करार मान्य केलेल्या देशांवर बंधनकारक आहे. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

आता माझी चूक सांगतो. मृतदेहाबरोबर त्यांनी भावाचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत दिले. शर्ट ओला होता, कॉलरच्या आत तपकिरी डाग, तिसरं बटण मुळासकट उपटलेलं. मी ती पिशवी तशीच आईच्या हातात दिली. आईने रात्री शर्ट धुतला, सकाळी तो दोरीवर वाळत होता. आईला काय बोलणार? पुढे आमच्या बाजूच्या न्यायवैद्यक तज्ज्ञाने पहिला प्रश्न विचारला, ‘कपडे कुठे आहेत?’ रक्त कुणाचं, कापड कुठे फाटलं, शरीरावरच्या जखमेशी ते जुळतं का, हे सगळं त्या शर्टावर होतं. खरं तर कपडे आमच्याकडे यायलाच नको होते, पुरावा म्हणून त्यांनी नोंद करून जपायला हवे होते. पण दिले, आणि मी घेतले. अजून तो शर्ट डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून कपडे हाती आले तर धुऊ नका, झटकू नका. हातमोजे घालून सावलीत वाळवा, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, रक्ताचे नमुने खराब होतात. पिशवीवर तारीख, वेळ, कुणी दिली, कुणी घेतली ते लिहा. पुढे कुणाच्याही हाती देताना सही घ्या.

‘हृदय बंद पडलं’ यावर एकच सांगतो, प्रत्येक मरणाऱ्याचं हृदय बंदच पडतं. ते कारण नव्हे. ते का बंद पडलं, हे लेखी मागा.

शवविच्छेदन अजून व्हायचं असेल तर तुमचा प्रतिनिधी, शक्यतो स्वतंत्र डॉक्टर, हजर ठेवण्याचा आग्रह धरा. प्रोटोकॉल कुटुंबाला तो हक्क देतो. कवटी, छाती, पोट तिन्ही उघडलं का? पाठ, हातपाय, तळवे यांची त्वचा सोडवून आतला मुका मार बघितला का? तो वरून दिसेलच असं नाही. एक्स-रे काढले का, फोटोंत मोजपट्टी आहे का? हे प्रश्न आधीच लेखी द्या. आमच्या अहवालात पाठीबद्दल एक ओळही नव्हती.

माझं ठाम मत, इतरांना पटेल न पटेल: दुसऱ्या शवविच्छेदनाची शक्यता संपेपर्यंत दहन करू नका. ‘काही तक्रार नाही’ असं लिहिलेल्या कागदावर सही तर मुळीच नको. घाई त्यांना असते.

एका कार्यालयाने आम्हाला फोटोंसाठी इतके महिने फिरवलं की शेवटी शिपाईच आमची कीव करू लागला. टेबलं बदलायची, उत्तर तेच, ‘फाइल वर गेली आहे.’ तिथे मी तोंडी विचारत राहिलो, म्हणून आमच्या फेऱ्यांचा एकही पुरावा उरला नाही. एक वही करा. तारीख, वेळ, कोण काय बोललं, त्याच दिवशी लिहा. भावाला शेवटचं भेटलेल्या माणसांची नावंही आजच लिहून ठेवा, पण इथे जाहीर टाकू नका. साक्षीदारांवर दबाव येतो.

बाकीचं सवकाशीने बोलू. आधी एवढंच कळवा, भावाचे कपडे आत्ता कुणाकडे आहेत?