घरच्यांना ख्रिस्ती विश्वास समजावताय? आधी पाणी-बर्फ-वाफ सोडा

तुमचा प्रश्न असा: घरचे आणि मित्र देव मानत नाहीत, टोचून विचारतात, रोजच्या बोलण्यात ख्रिस्ती विश्वास कसा समजावून सांगावा, आणि त्रैक्यासाठी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यासाठी, एखादं सोपं उदाहरण आहे का?

उदाहरण नाही. पाणी, बर्फ आणि वाफ तर अजिबात नको. एकच देव आळीपाळीनं तीन रूपं घेतो, हे सबेलियस नावाच्या धर्मशिक्षकाचं मत चर्चनं तिसऱ्या शतकातच नाकारलंय. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. माझा दादा भौतिकशास्त्र शिकवतो आणि काहीही मानत नाही. मी ऐटीत वाफेपर्यंत पोचले, तर म्हणाला, "म्हणजे तुझा देव एका वेळी एकच असतो?" चर्चला जे खटकलं तेच त्यानं पाच सेकंदांत पकडलं. आठवड्यानं मी ट्रिपल पॉइंट शोधून परत गेले, की 0.01 अंश सेल्सिअसला तिन्ही अवस्था एकत्र नांदतात. तो हसला. "अगं, तेव्हाही तेच पाणी एकदम तिन्ही नसतं. आणि दाब लिहायला विसरलीस."

तोवर मजा होती. माझी एक वही होती, उत्तरांची. रोमन इतिहासकार टॅसिटसनं इ.स. 116 च्या सुमारास लिहिलंय की सम्राट टायबेरियसच्या काळात रोमन सुभेदार पिलातानं ख्रिस्ताला मारलं, प्रेषित पौलाचं बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र वधस्तंभानंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांतलं, असं बरंच. हे खरं आहे, हाताशी असू द्या. कुणी "येशू झालाच नाही" म्हणालं तर टॅसिटस पुरतो, दोन मिनिटांच्या वर घालवू नका. पण टॅसिटस वाचून गुडघे टेकलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

मग बाबा गेले. तेही दादासारखेच, न मानणारे. तिसऱ्या रात्री आम्ही दोघं त्यांचं कपाट आवरत होतो. दादा किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसला होता, कुठली किल्ली कशाची ते लावत. चार किल्ल्या कशालाच लागेनात. वर न बघता त्यानं विचारलं, "तुझ्या हिशेबानं बाबा आता कुठे आहेत?"

मी वही उघडली. हातात नव्हती, पण उघडली. म्हटलं, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 सालीच म्हटलंय, ज्यांना स्वतःचा दोष नसताना सुवार्ता, म्हणजे येशूची आनंदाची बातमी, कळली नाही पण जे मनापासून देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

"बाबांना कळली होती," दादा म्हणाला. "चार वर्षं तूच सांगत होतीस. म्हणजे तू गप्प बसली असतीस तर ते सुटले असते?"

आणि मी म्हणाले, "तसं नाही, मुद्दा असा आहे की..."

त्यानं जुडगा ड्रॉवरमध्ये टाकला आणि झोपायला गेला. पुढे वर्षभर या विषयावर एक शब्द नाही.

"माहीत नाही, दादा. मलाही झोप लागत नाहीये," एवढं म्हणायला हवं होतं. तेच खरं होतं. म्हणून सांगते, नरक, दुःख, न ऐकलेली प्रार्थना यांबद्दल घरातलं कुणी विचारलं, तर आधी "कुणाबद्दल विचारतोयस?" असं विचारा. बहुतेकदा त्यामागे एखादं नाव असतं. बायबलमधलं पेत्राचं वचन सगळ्यांना पाठ असतं, आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा. त्यातला मूळ ग्रीक शब्द 'अपोलॉजिया', म्हणजे कोर्टातला बचाव. आमच्यासारख्यांना तेवढाच आवडतो. त्याच वाक्याच्या शेवटी 'सौम्यतेने' आहे. आणि थांबायला शिका. अथेन्समध्ये काही जण पौलाला हसले, काही म्हणाले पुन्हा ऐकू. तो तिथून निघून गेला, मागे लागला नाही.

दादानं पुढे नातेवाइकांत सांगितलं की हिला फक्त ख्रिस्ती केलेल्यांच्या हिशेबात एक नाव वाढवायचं होतं. हे साफ खोटं आहे. मी चार वर्षं बोलत राहिले कारण मला बाबांची भीती वाटत होती, म्हणजे त्यांच्यासाठी. हे मी त्याला शेवटी सांगितलं. तो म्हणाला, "मग तर ते जास्तच वाईट. घाबरवणाऱ्या गोष्टीला तू आनंदाची बातमी म्हणतेस." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

हे सगळं घरच्यांपुरतं. मित्रांचं वेगळं, त्यातले काही खरोखर वादासाठीच वाद घालतात, त्यांच्याशी खुशाल टॅसिटस खेळा. शिवाय मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, आणि परिषदेचं वाक्य कॅथलिकांचं आहे. इतर पंथांत यावर वेगवेगळी मतं आहेत.

दाब 611 पास्कल. दादानंच परवा विचारल्यावर सांगितला, वहीत लिहून ठेवलाय.