सरकारी नोकरी असली की पिस्तुलाचं लायसन्स लागत नाही का?

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या एका सरकारी ऑफिसात अकाउंट्सला आहे. तो म्हणतो सरकारी माणसाला पिस्तूल जवळ बाळगायला लायसन्स लागताच कामा नये, पोलिसांना तरी कुठे लागतं? त्याचं बरोबर आहे का? आणि समजा त्याने तसंच जवळ ठेवलं तर?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. त्याला आजच फोन करा आणि सांगा की असलं काही करू नकोस. न्यूयॉर्कमध्ये घराबाहेर लायसन्सशिवाय भरलेलं पिस्तूल सापडलं तर 15 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि मी सरकारी नोकर आहे म्हणून कोणी सोडत नाही.

आता पोलिसांचं. 2004 मध्ये तिथे एक केंद्रीय कायदा झाला, त्याला लिओसा म्हणतात, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केली होती. त्याने पात्र पोलिसाला ड्युटीवर नसतानाही कुठल्याही राज्यात पिस्तूल लपवून बाळगता येतं, त्या राज्याचं लायसन्स लागत नाही. पण पात्र कोण हे नीट बघा, ज्याला कायद्याने अटक करायचा अधिकार आहे, ज्याला खात्याने शस्त्र बाळगायची परवानगी दिलीय, जो नेमबाजीची ठरलेली टेस्ट नियमित पास होतो आणि त्या वेळी प्यायलेला नाही, तो. रिटायर झालेल्यांनाही सूट आहे पण निदान 10 वर्षं सर्व्हिस हवी, आणि टेस्ट दर वर्षी द्यायची तीही स्वतःच्या खर्चाने. म्हणजे सूट मिळते ती लायसन्सच्या कागदापासून, ट्रेनिंगपासून नाही. भाच्याच्या बोलण्यात नेमकं हेच सुटलंय. पगार सरकारी तिजोरीतून येतो म्हणून ही सूट नाहीये, काम तसं आहे म्हणून आहे. अकाउंट्सवाल्याचा आणि पोलिसाचा पगार एकाच सरकारकडून आला तरी हात एकसारखे तयार झालेले नसतात ना.

जज आणि सरकारी वकिलांचं काय, असं कोणी विचारलं तर मात्र मला पटकन नाही म्हणवत नाही. जुलै 2020 मध्ये न्यू जर्सीत केंद्रीय न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घरी एक जण डिलिव्हरीवाला बनून आला, त्याने त्यांच्या मुलाला, डॅनियलला, गोळी घालून मारलं, नवऱ्यालाही गोळ्या लागल्या. वाचताना अंगावर काटा येतो. तो हल्लेखोर वकील होता, त्याची केस त्यांच्यासमोर आली होती. पण त्यानंतर 2022 मध्ये डॅनियलच्या नावाने जो कायदा झाला तो केंद्रीय न्यायाधीशांचे पत्ते वगैरे माहिती झाकण्यासाठी आहे, पिस्तूल देण्यासाठी नाही. मला ही दिशा जास्त बरोबर वाटते, कारण अचानक दारात आलेल्या माणसासमोर खिशातलं पिस्तूल वेळेत बाहेर येईलच असं नाही, पत्ताच सापडला नाही तर तो दारापर्यंत येणारच नाही. आणि धोका खरा असेल तर त्यांना शस्त्र द्या की, पण चौकशी आणि ट्रेनिंग तेच ठेवा जे बाकीच्यांना आहे.

शिवाय निम्म्याहून जास्त राज्यांत आता साध्या नागरिकालाही परमिट लागत नाही, 2024 पर्यंत अशी 29 राज्यं झाली, तिथे वेगळी सूट मागायचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो न्यूयॉर्कसारख्या कडक राज्यात, आणि तिथे सामान्य माणसाला रांगेत उभं करून क्लार्कला मागच्या दाराने आत सोडायचं हे मला अजिबात पटत नाही.

भाच्याला पिस्तूल हवंच असेल तर सरळ अर्ज करू दे. न्यूयॉर्क राज्याने 2022 मध्ये केलेल्या कायद्याने तिथे 16 तास क्लास आणि 2 तास प्रत्यक्ष गोळीबाराचं ट्रेनिंग लागतं. आणि हो, लायसन्स मिळालं तरी ते ऑफिसात नेता येणार नाही, सरकारी कामकाजाच्या इमारतींत त्याच कायद्याने बंदी आहे.