बधिरांध मुलीची पॅराएज्युकेटर, म्हणजे वर्गातली शिक्षक-सहाय्यक, आहे. पगार वाढणार नसेल तर इंटरव्हीनरचं, म्हणजे बधिरांध मुलाला आजूबाजूच्या जगाशी जोडून देणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीचं, प्रमाणपत्र कशाला घ्यायचं?

घ्या, असंच मी सांगेन.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या शाळेत दीड वर्ष झालं, एक बधिरांध मुलगी तुमच्याकडे सोपवली आहे आणि पगार तोच राहणार आहे. माझाही वाढला नव्हता, त्यामुळे ती आशा धरून यात पडू नका. मला मिळालं ते वेगळंच.

नाइस, म्हणजे नॅशनल इंटरव्हीनर सर्टिफिकेशन ई-पोर्टफोलिओ, या प्रमाणपत्रासाठी पेपर लिहायचा नसतो. इंटरव्हीनरला काय काय यायला हवं याची यादी काउन्सिल फॉर एक्सेप्शनल चिल्ड्रन या विशेष शिक्षणातल्या संस्थेने ठरवून दिली आहे. ते आपल्याला येतं, हे आपल्याच कामातल्या पुराव्यांनी दाखवायचं: व्हिडिओ, नोंदी, आणि आपण तसं का केलं याचं लेखी स्पष्टीकरण. म्हणून स्वतःला कॅमेऱ्यात बघावंच लागतं.

मी ज्या मुलाबरोबर होते त्याला खाण्याची वेळ कळावी म्हणून आम्ही त्याच्या हातात चमचा द्यायचो. तो काही करत नाही, त्याला अजून समजत नाही, असं मी महिनोन्‌महिने नोंदवहीत लिहीत होते. व्हिडिओ बघितला तेव्हा दिसलं की चमचा देऊन तीन-चार सेकंदांत मी त्याचं मनगट धरून त्याला उठवत होते. पुढच्या वेळी मी हात त्याच्या हाताखाली नुसता ठेवला आणि मनात आकडे मोजत थांबले. अकराला त्याचं बोट दांड्यावरून खाली सरकलं. सतराला चमचा तोंडाकडे गेला. त्याला कळत होतं. मीच थांबत नव्हते. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

आपल्याकडे दुभाषा आणि मदतनीस हे दोनच शब्द लोकांना पटकन समजतात. इंटरव्हीनर या दोन्हींहून वेगळा. खोलीत कोण आलं, कोण गेलं, आता काय होणार, हे इतर मुलं न शिकता ऐकून-बघून टिपतात. ते या मुलांपर्यंत पोचवायचं, त्यांचा संवाद वाढवायचा आणि त्यांना विश्वास वाटेल असं माणूस व्हायचं, ही आपली तीन कामं. 'मुलाचं काम स्वतः करून टाकू नये' हे सगळ्यांना पाठ असतं, पण गर्दीच्या दिवशी हात आपोआप पुढे जातो.

दुसरा फायदा आयईपीच्या, म्हणजे मुलासाठी शाळेने लिहून द्यायच्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्याच्या, बैठकीतला. आमच्या शाळेत कोणी रजेवर गेलं की मला दुसऱ्या वर्गात पाठवायचे आणि माझ्या त्या मुलाजवळ भलतंच कोणी बसायचं. माझ्या मनगटातलं कडं चाचपून तो मला ओळखायचा. त्या दिवशी कडं नाही, म्हणून तो अर्धा दिवस टेबलाखाली. आयडिया या अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात इंटरव्हीनर हा शब्द स्पष्ट लिहिलेला नाही. तो यावा म्हणून कॉग्सवेल-मेसी विधेयक काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, अनेकदा मांडलं गेलंय. पण मुलाची गरज म्हणून आयईपीत ही सेवा लिहून घेता येते. आमच्याकडे ती लिहिली गेली, आणि तेव्हा त्या प्रमाणपत्राचा उपयोग झाला. अशी तयारी असलेलंच माणूस का लागतं, हे आई-वडिलांना दाखवता आलं.

पहिला फोन तुमच्या राज्याच्या डेफ-ब्लाइंड प्रोजेक्टला करा. असे प्रकल्प केंद्राच्या निधीतून चालतात आणि शाळेला मार्गदर्शन करतात. प्रशिक्षण आधी लागतंच. नॅशनल सेंटर ऑन डेफब्लाइंडनेसचे 'ओपन हँड्स, ओपन ॲक्सेस' नावाचे ऑनलाइन धडे आहेत. युटा स्टेट युनिव्हर्सिटीसारखी विद्यापीठंही इंटरव्हीनरचं शिक्षण देत आली आहेत. राज्याच्या प्रकल्पातून कोणी कोच म्हणून मिळाला तर सोडू नका. पोर्टफोलिओ एकटीने बांधणं फार जड जातं.

आणि शूटिंगसाठी पालकांची लेखी परवानगी आत्ताच मागा. मी ती उशिरा मागितली, आणि अगदी सुरुवातीचे महिने, जिथे सगळ्यात मोठा बदल दिसला असता, ते माझ्याकडे नाहीतच.