वडिलांना जांघेचा हर्निया आहे. आम्ही रत्नागिरीकडचे. मुंबईला नेऊन रोबोटिक शस्त्रक्रिया करावी, की इथेच साधी?

एकाच बाजूचा, पहिल्यांदाच झालेला हर्निया असेल तर रोबोटसाठी मुंबई गाठायची काही गरज नाही. हे इतकं ठाम लिहितेय, कारण हाच वाद आमच्या घरात झाला आणि अजून धुमसतोय.

आम्ही देवगडचे. बाबांची हापूसची कलमं आहेत, अख्खा जन्म झाडावर चढण्यात गेला. फवारणीच्या दिवसांत जांघेत फुगा दिसायला लागला. आडवं झालं की आत जायचा. मुंबईच्या भावाला कळलं आणि त्याने फोनवरच निकाल दिला: गावात काही करायचं नाही, इकडे आणा, रोबोट करेल, म्हणजे चूक व्हायचा प्रश्नच नाही.

रोबोट स्वतः काही करत नाही हो! सर्जन चार पावलांवर बसून पडद्यात बघत हात हलवतो, तसे ते बारीक चिमटे पोटात हलतात. मनगटासारखे वळतात आणि आतलं चित्र खोलीसकट दिसतं, हे खरं. पण हात सर्जनचाच. ज्याला हर्निया नीट शिवता येत नाही, त्याला दा विंची नावाचा तो रोबोट देऊनही येणार नाही.

आम्ही बाबांना कणकवलीच्या सर्जनकडे नेलं. त्यांनी कागदावर भोक कुठे पडलंय ते काढून दाखवलं आणि त्या भोकावर बसवायच्या जाळीचा एक नमुना बाबांच्या हातात दिला. आंबे काढायच्या घळीची जाळी आयुष्यभर स्वतः विणलेला माणूस तो. त्यांनी ती बोटांत चोळली, ताणली, खिडकीकडे उजेडाला धरली. म्हणाले, "बारीक आसा, पण घट आसा. ही आत ऱ्हवतली मां?" डॉक्टरांनी सांगितलं, भोकांतून तुमचंच मांस वाढतं आणि ती तिथेच जखडते. रोबोटने केलं तरी जाळीच बसते, फक्त आतल्या बाजूने. शिवाय दुर्बीण असो वा रोबोट, त्याला सहसा पूर्ण भूल लागते. बाबांना दम्याचा त्रास. उघड्या पद्धतीत कमरेत सुई देऊन भागलं.

भावाला हे पटेना, म्हणून मी हट्टाने वाचून काढलं. अमेरिकेत दुर्बीण आणि रोबोट यांची जांघेच्या हर्नियासाठी तुलना झाली, 102 रुग्णांवर, 2020 साली छापून आली. रुग्णाला रोबोटचा वेगळा फायदा दिसला नाही. वेळ आणि खर्च मात्र वाढला. आणि महाग तेच चांगलं असं नसतं, याचाही दाखला मिळाला: आपल्या धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी गरिबांना महागडी जाळी परवडत नाही म्हणून मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. तशाच स्वस्त जाळीची युगांडात रीतसर चाचणी झाली आणि 2016 मध्ये निष्कर्ष आला की ती महागड्या जाळीच्या तोडीची ठरली. भावाला दोन्ही पाठवलं. उत्तर आलं, "तू डॉक्टर आहेस का?" आजही कुणी विचारलं की तो सांगतो, बाबांचं गावठी ऑपरेशन झालं. बाबा कलमांत हिंडतात, पाणी घालतात. झाडावर आता गडी चढतो, ते वयामुळे.

भावाने एकदाही विचारलं नाही की पावसाळ्यात मध्यरात्री आतडं अडकलं असतं तर मुंबई किती लांब पडली असती. दुखत नसेल तर डॉक्टरांना विचारून आंब्याचा हंगाम काढता येतो, आम्हीही काढला. पण फुगा कडक झाला, आत जाईना, दुखायला लागला, उलट्या झाल्या, की मिळेल त्या गाडीने जवळचं रुग्णालय गाठायचं. सकाळची वाट बघायची नाही.

आता जे आधी लिहायला हवं होतं. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा उघड्या ऑपरेशननंतर परत आला असेल, तर दुर्बिणीचं चांगलं. बाईमाणसाला जांघेत गाठ असेल तर थांबूच नका, तिथेही दुर्बीण बरी. दुर्बिणीत दुखणं कमी आणि माणूस कामाला लवकर लागतो, हेही खरं आहे. मात्र सर्जनचा हात त्यात बसलेला हवा. जुन्या ऑपरेशनच्या जागी पोटावर मोठा हर्निया आला असेल, तर पोटाच्या छताला आतून टाके घालायला रोबोटचा खरा उपयोग होतो; तिथे खर्च करा. विमा असेल तर रोबोटिकला वेगळी मर्यादा आहे का, ते आधी वाचा.

तुमच्या वडिलांचा कुठल्या प्रकारात बसतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं डॉक्टरांना विचारा, आणि असे हर्निया ते स्वतः नेहमी करतात का, हेही तोंडावर विचारा. घरात फोनवरून निर्णय घेणारं कुणी असेल तर त्याला सांगा, ऑपरेशननंतर रजा काढून ये. वडिलांचा खोकला सांभाळायचा असतो, पोट साफ राहील असं खायला घालायचं असतं, आणि ते हंडा उचलायला गेले की अडवायचं असतं.